स्क्रूड्रायव्हर महिनाभर पेटीतच राहू द्या

माझं पहिलं पॉइंट टू-टू पिस्तूल हातात आलं त्या दुपारी मी ऐंशी गोळ्या झाडल्या आणि मागच्या साइटचे स्क्रू किमान तीस वेळा फिरवले. पहिली गोळी डावीकडे गेली, म्हणून दोन क्लिक उजवीकडे. दुसरी उजवीकडे गेली, म्हणून एक क्लिक परत. तिसरी खाली. संध्याकाळपर्यंत टार्गेटच्या कागदाची चाळण झाली होती. साइट मुळात कुठे होती आणि आता कुठे आली आहे, याचा मला पत्ता नव्हता. शेजारच्या लेनवरचे एक ज्येष्ठ नेमबाज दुपारभर गप्प बसून बघत होते. सामान आवरताना ते एवढंच म्हणाले, “पिस्तूल चांगलं होतं की रे. तू बिघडवलंस.”

त्या दुपारच्या माझ्यासारख्यांसाठी हे लिहितो आहे. 10 मीटर एअर पिस्तुलावर दोन-तीन वर्षं घालवून आता 25 मीटरकडे वळलेले, परवान्याच्या फेऱ्या एकदाच्या संपलेल्या आणि पेटी नुकतीच उघडलेली, असे हे लोक. आपल्याकडे ही वाट अनोळखी राहिलेली नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2013 साली चांगवॉनच्या विश्वचषकात 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेतलं आणि 2018 च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत शूट-ऑफ जिंकून पुन्हा सुवर्ण मिळवलं. पण या प्रकाराचं पिस्तूल घरी आल्यावर पहिले चार आठवडे त्याचं काय करायचं, हे मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. रेंजवर जो तो आपापला सल्ला देतो आणि त्यातले निम्मे सल्ले स्क्रू फिरवण्याचेच असतात.

माझं म्हणणं नेमकं उलट आहे. आधी हात, मग चाप, मग काडतूस आणि सगळ्यात शेवटी साइट. हा क्रम उलटा केला तर महिन्याभराने सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

पेटी उघडल्यावर

सुरुवात कंटाळवाण्या कामाने. परवान्यावर चढलेला नंबर आणि पिस्तुलावर कोरलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळतो का, ते पाहा. मग मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि करंगळीचं टोक घालूनही खात्री करा. कारखान्यातून आलेलं पिस्तूल रिकामंच असणार, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. तरीही बघायचं. ही सवय पहिल्या दिवशी लागली नाही तर ती पुढे लागत नाही. सेफ्टी फ्लॅग, म्हणजे चेंबरमध्ये घालायची ती भडक रंगाची दोरी किंवा पट्टी, पहिल्याच दिवशी घालून ठेवा. स्पर्धेत ती लागतेच.

त्यानंतर माहितीपुस्तिका वाचा. इंग्रजी भाषांतर वाकडंतिकडं असतं, तरी वाचा. पिस्तूल किती उघडायचं, तेल कुठे लावायचं आणि कुठे मुळीच लावायचं नाही, कोणते स्क्रू तुमच्यासाठी आहेत आणि कोणते कारागिरासाठी, हे तिथेच लिहिलेलं असतं. नव्या पिस्तुलाला गंज लागू नये म्हणून कारखान्यात दाट तेल लावतात. ते नळीतून आणि चेंबरमधून पुसून काढा. कापडाची दोरी नेहमी चेंबरच्या बाजूने आत घाला आणि तोंडाकडून बाहेर ओढा. नळीच्या तोंडाची कड म्हणजे गोळीला शेवटचा स्पर्श होतो ती जागा. तिथे सळई घासून ओरखडा पडला तर कितीही स्क्रू फिरवा, तो भरून येत नाही.

आपल्याकडे एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. ज्या पेटीतून पिस्तूल आलं त्या पेटीला आतून फोम असतो, आणि कोल्हापूर-कोकणातल्या पावसाळ्यात फोम ओल धरतो. जूनमध्ये पेटीत ठेवून ऑगस्टमध्ये उघडलेल्या पिस्तुलावर मी स्वतः तांबूस ठिपके पाहिले आहेत. पेटी फक्त प्रवासासाठी वापरा. घरी कुलूपबंद कपाटात सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात.

रिमफायर म्हणजे काय, आणि ते का लक्षात ठेवायचं

मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते, तिच्यावर फायरिंग पिन आपटते. पॉइंट टू-टूला अशी वेगळी टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेच्या घडीत सगळीकडे फिरवून भरलेला असतो आणि पिन त्या कडेवरच आपटते. म्हणून हे रिमफायर.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की चेंबर रिकामं असताना चाप ओढला तर काडतुसाची कड मध्ये नसल्यामुळे पिन सरळ चेंबरच्या पोलादी काठावर आपटू शकते. असं हजारदा झालं की काठाला खाच पडते, मग काडतूस नीट बसत नाही आणि रिकामी पुंगळी अडकू लागते. एअर पिस्तुलावर रोज शंभर-दीडशे वेळा ड्राय फायरिंग करणाऱ्यांनी हे जास्त ध्यानात ठेवायचं, कारण ती सवय त्यांच्या बोटात भिनलेली असते. पुष्कळशा टार्गेट पिस्तुलांमध्ये ड्राय फायरिंगसाठी वेगळी सोय असते. पिन न आपटता फक्त चापाची ‘टिक’ मिळते. ती कशी लावायची ते पुस्तिकेत बघा. नसेल तर प्लॅस्टिकचं नकली काडतूस वापरा आणि ते ठरावीक दिवसांनी बदला. आणि घरी ड्राय फायरिंग करताना खरी काडतुसं त्या खोलीत असताच कामा नयेत. दुसऱ्या खोलीत, कुलपात.

काडतुसाच्या या बांधणीमुळे आणखी एक गोष्ट होते. मसाला कडेला सगळीकडे सारखा पसरला नसेल तर एखादं काडतूस उडतच नाही. चाप ओढला आणि नुसता खट् आवाज आला, तर पिस्तूल टार्गेटच्या दिशेनेच धरून ठेवा, दुसरा हात वर करा, रेंज ऑफिसरला बोलवा आणि थोडं थांबून मगच उघडा. याहून वाईट म्हणजे दबका, ‘फुस्स’ असा आवाज. त्यात गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढची गोळी झाडण्याआधी नळी रिकामी आहे हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. घाई झाली असली तरी.

हात

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण नव्या पिस्तुलाबद्दलच्या दहातल्या आठ तक्रारींचं मूळ ग्रिपमध्ये असतं.

आयात केलेल्या पिस्तुलांच्या लाकडी ग्रिप स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांत येतात. त्या कुठल्याशा सरासरी तळहाताला बेतलेल्या असतात. तो तळहात तुमचा नसतो. ग्रिप जुळते की नाही हे तपासायची पद्धत जुनी आणि बिनखर्चाची आहे. उभे राहा, रिकामं पिस्तूल नेहमीसारखं घट्ट धरा, डोळे मिटा. हात वर आणा, जिथे आरामात थांबेल तिथे थांबवा, दोन श्वास जाऊ द्या. आता डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध आणि समतल बसलेली दिसली पाहिजे. दहादा करून बघा.

पुढची साइट दरवेळी खाचेत डावीकडे दिसत असेल तर पिस्तूल तुमच्या हातात डावीकडे वळून बसतंय. दरवेळी वर दिसत असेल तर नळीचं तोंड उचललं जातंय. दोन्ही वेळा मनगट मुरडून ती जुळवता येते, आणि सगळे तेच करतात. पण तीस गोळ्यांनंतर मनगट थकलं की ते आपल्या मूळ जागी जातं आणि गोळ्याही त्याच्यामागे जातात. मग आपण म्हणतो, साइट हलली. साइट जागच्या जागीच असते.

इलाज म्हणजे कानस, पॉलिश पेपर आणि एम-सील. तळहाताला खडूची पूड चोळून ग्रिप धरा आणि सोडा. जिथे पांढरं उमटलं तिथे हात टेकतो, जिथे नाही तिथे पोकळी आहे. पोकळीत एम-सीलचा पातळ थर द्या, ओला असतानाच पातळ प्लॅस्टिक पिशवी गुंडाळून ग्रिप धरून ठेवा म्हणजे हाताचा ठसा उमटेल. वाळला की घासा. जिथे टोचतं तिथे कानस लावा, पण एका बैठकीत थोडंच. काढलेलं लाकूड परत येत नाही, एम-सील मात्र केव्हाही खरवडता येतो. मी पहिल्या ग्रिपवर तीन महिने घासघास केली आणि शेवटी ती इतकी बारीक झाली की दुसरी घ्यावी लागली. हौसेला मोल नसतं म्हणतात, ग्रिपला असतं, आणि ते युरोत असतं.

घासताना नियमांचं भान ठेवा. 25 मीटर पिस्तूल सगळ्या साजासह 300 × 150 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे आणि वजन 1400 ग्रॅमच्या वर जाता कामा नये. तळहाताच्या खालची फळी वर वळवून हाताला मिठी मारेल अशी करता येत नाही आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे. एम-सीलचे थर चढवत गेल्यावर 50 मिलिमीटरची रुंदी कधी ओलांडली ते कळत नाही, आणि स्पर्धेच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर ते कळलेलं कुणालाच आवडत नाही.

ग्रिप जमली की पावलं. डोळे मिटून हात उचलायचा तोच प्रयोग टार्गेटसमोर उभं राहून करा. डोळे उघडल्यावर पिस्तूल शेजारच्या लेनकडे झुकलेलं असेल तर हात ओढून आणू नका. मागचं पाऊल थोडं सरकवा, सगळं शरीर वळू द्या.

चाप

एअर पिस्तुलाचा चाप किमान 500 ग्रॅमचा, इथे किमान 1000. कागदावर हा फरक दुप्पट आहे, बोटाला तो चौपट वाटतो. पहिल्या आठवड्यात सगळे एकच चूक करतात. बोट थबकतं, मग एकदम झटका देतं. उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या त्यामुळे खाली डावीकडे, घड्याळातल्या सात-आठच्या बाजूला जाऊ लागतात. हा ग्रुप इतका ठरलेला असतो की त्यावरून माणूस ओळखावा. आणि याच ग्रुपवर भाळून नवखा माणूस साइट वर-उजवीकडे नेतो. दोन आठवड्यांनी बोट सुधारतं आणि गोळ्या वर-उजवीकडे जाऊ लागतात. मग पुन्हा स्क्रू.

झटका ओळखायची एक खात्रीची युक्ती आहे. कुणाला तरी मॅगझिन भरायला सांगा आणि पाचांत एक-दोन नकली काडतुसं, कितवी ते तुम्हाला न सांगता, मिसळायला सांगा. नकली काडतुसावर चाप सुटतो तेव्हा धक्का नसतो, आवाज नसतो. त्या क्षणी नळीचं तोंड खाली बुडी मारताना तुम्हाला स्वतःला दिसतं. पहिल्यांदा बघताना लाज वाटते.

चापाला पहिला टप्पा आणि दुसरा टप्पा असतो. माझी आवड अशी, की वजनाचा मोठा भाग पहिल्या टप्प्यात घ्यावा, म्हणजे दुसऱ्याला थोडंच उरतं. काहींना उलट आवडतं. आधी कारखान्याने जसा लावून दिला तसाच हजारेक गोळ्या वापरा आणि मग ठरवा. चापाच्या पाळीची जागा मात्र लगेच जुळवून घ्या. तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी तिच्यावर सपाट टेकली पाहिजे आणि बोट सरळ मागे आलं पाहिजे.

वजन तपासताना पिस्तूल उभं धरतात, चापाला 1000 ग्रॅमचं वजन अडकवून टेबलावरून उचलतात. ते उचललं गेलं पाहिजे. घरी 1000 वर काटेकोर लावलेला चाप स्पर्धेच्या दिवशी 990 वर सुटला की गडबड होते, म्हणून मी 1030-1040 वर ठेवतो. आतले हुक किती अडकतात ते ठरवणाऱ्या स्क्रूला मात्र हात लावू नका. तो चुकला तर एका ओढीत दोन गोळ्या सुटू शकतात. ते काम कारागिराचं.

काडतूस

इथे थोडक्यात. टार्गेट पिस्तुलाची स्प्रिंग स्टँडर्ड वेगाच्या काडतुसासाठी बेतलेली असते, म्हणजे सेकंदाला साधारण 320-330 मीटर. हाय व्हेलॉसिटीची काडतुसं स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बोल्ट जास्त जोराने आपटतो आणि नेमकेपणाही मिळत नाही. मिळतील त्या दोन-तीन कंपन्यांची एकेक पेटी आणा, वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून प्रत्येकीचे दहा-दहाचे दोन ग्रुप काढा आणि जी न अडकता चालते आणि लहान ग्रुप देते ती पकडा. एकाच लॉटची जितकी मिळतील तितकी घ्या.

अडकण्याबद्दल एक गोष्ट. गोळी पुढे सरकताना अडली की लोक पिस्तुलाला दोष देतात, पण बहुतेक वेळा दोषी मॅगझिन असतं. मॅगझिनवर पक्क्या शाईने 1, 2, 3 असे आकडे टाका आणि डायरीत लिहा. तिसरं मॅगझिनच नेहमी अडतं हे दोन आठवड्यांत आपोआप समजतं. पहिल्या काही शे गोळ्यांत, भाग एकमेकांना रुळेपर्यंत, थोडंफार अडणं होतंच. ते लगेच मनावर घेऊ नका. या गोळ्यांच्या शिशावर मेणाचा किंवा चरबीचा हात असतो आणि तो चेंबरमध्ये साचतो. बोल्टचं तोंड आणि चेंबर दर वेळी पुसा. नळी मात्र रोज घासायची गरज नाही. आणि रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला शिवू नका. शिसं पोटात जातं.

पिस्तूल ओळखणं म्हणजे ते बिघडल्यावर काय करायचं हे माहीत असणंही. टोकियो ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. जगातल्या सर्वोत्तम नेमबाजांवर ही वेळ येते, तर आपल्यावर येणारच. दुसऱ्या पिस्तुलाची सोय नसली तरी सुटी स्प्रिंग, फायरिंग पिन आणि योग्य मापाच्या ॲलन की पेटीत असू द्या.

आता साइट

चार आठवडे झाले, बाराशे-पंधराशे गोळ्या झाल्या, ग्रुप कुठेही असो पण एका जागी पडू लागला. आता पेटीतून स्क्रूड्रायव्हर काढा. पण त्याआधी थोडं गणित.

नियमाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर जास्तीत जास्त 220 मिलिमीटर. टार्गेट 25 मीटरवर. 25,000 ला 220 ने भागलं की येतात 113 आणि वर थोडं. म्हणजे पुढची साइट खाचेत 1 मिलिमीटर जरी एका बाजूला सरकली, तर टार्गेटवर गोळी साडेअकरा सेंटिमीटर दूर जाते. 25 मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं कडं 50 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक कडं 25 मिलिमीटर रुंद. साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे साडेचार कडी गेली. याउलट दोन्ही साइट एकमेकांत चोख बसलेल्या आहेत आणि हात टार्गेटवर एक सेंटिमीटर हलतोय, तर गोळीही एकच सेंटिमीटर हलते. ती दहाच्या आतच राहील. म्हणून नजर पुढच्या साइटवर, टार्गेट धूसर. हे एअर पिस्तुलाच्या पहिल्या वर्गात सांगितलेलं असतं, पण का ते या आकड्यांवरून समजतं. चाळिशी ओलांडलेल्यांना पुढची साइटच धूसर दिसत असेल तर तो प्रश्न पिस्तुलाचा नाही, चष्म्याचा. हाताच्या अंतरावर स्पष्ट दिसेल असा नंबर करून घ्या.

हेच गणित क्लिकलाही लागू. मागची साइट 0.1 मिलिमीटर सरकली तर गोळी 11 मिलिमीटर सरकते. तुमच्या पिस्तुलाचा एक क्लिक किती, ते पुस्तिकेत असतं. तो समजा 10 मिलिमीटर असेल, तर एका कड्यासाठी अडीच क्लिक.

नियम सोपा: गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट न्यायची. घोटाळा होतो तो स्क्रूवरच्या खुणांचा. काही कारखान्यांच्या बाणाचा अर्थ ‘गोळी वर न्यायची असेल तर इकडे फिरवा’ असा असतो, काहींच्या बाणाचा अर्थ ‘गोळी वर जात असेल तर इकडे फिरवा’ असा. दोन्ही नेमके उलटे. जर्मन पिस्तुलांवर अक्षरंही जर्मन शब्दांची असतात. ‘एच’ म्हणजे वर, ‘टी’ म्हणजे खाली. पुस्तिका वाचूनही शंका राहिली तर एकदाच दहा क्लिक फिरवा, पाच गोळ्या झाडा आणि ग्रुप कुठे गेला ते बघा. मग साइटच्या शेजारी एक चिकटपट्टी लावून त्यावर मराठीत ‘वर’ असं लिहा. मी लिहिलंय. परदेशी पाहुण्यांना गंमत वाटते.

फिरवण्याआधी मूळ जागेची नोंद करा. वर-खालीचा स्क्रू हलक्या हाताने तळापर्यंत नेऊन किती क्लिक होतात ते मोजा, मग तितकेच परत या. डाव्या-उजव्यासाठीही तसंच एका टोकापासून मोजा. एवढं केलं तर कितीही चुकलात तरी घरी परतायची वाट राहते. त्या पहिल्या दुपारी माझ्याकडे नेमकी हीच नव्हती.

झिरो करताना, म्हणजे साइट नेमाशी जुळवताना, उभं राहून, एका हाताने, स्पर्धेत झाडता तसंच झाडा. वाळूच्या पिशवीवर टेकवून केलेला झिरो काडतूस निवडायला उपयोगी, तुमच्यासाठी नाही. हातात पिस्तूल मागे-वर उसळतं ते वेगळं आणि पिशवीवर उसळतं ते वेगळं, त्यामुळे ग्रुपची जागाही वेगळी पडते. याच कारणाने मित्राने लावून दिलेला झिरोही तुमचा नसतो.

कुठे नेम धरायचा ते आधी ठरवा. प्रिसिजन टार्गेटचा काळा गोल 200 मिलिमीटरचा. बहुतेक जण काळ्याच्या खाली पांढऱ्यात थोडं अंतर ठेवून धरतात. पुढची साइट काळ्याला चिकटवून धरली तर काळ्यावर काळं मिसळतं आणि साइटचा माथा दिसेनासा होतो. किती अंतर ठेवायचं त्याला मोजपट्टी नको, फक्त रोज तेच ठेवा.

दहा गोळ्या झाडा. प्रत्येक गोळी सुटली त्या क्षणी साइट कुठे होती ते आधी डायरीत टिंब काढून लिहा, मगच दुर्बिणीतून किंवा स्क्रीनवर बघा. हे ‘कॉल’ करणं आलं नसेल तर झिरो करण्यात अर्थ नाही. ज्या गोळीबद्दल तुम्ही स्वतःच ‘गेली’ म्हणालात ती हिशेबातून काढा. उरलेल्यांचा मध्य काढा आणि तो दहापासून किती दूर आहे ते मोजा.

पाचऐवजी दहा का? नवख्याच्या हाताचा विखुरलेपणा मोठा असतो. गोळ्या सरासरी चार सेंटिमीटर इकडेतिकडे पडत असतील तर पाच गोळ्यांचा मध्य नुसत्या योगायोगाने पाऊण कडं सरकू शकतो. म्हणजे तुम्ही दोन क्लिक फिरवता ते त्या योगायोगाचा पाठलाग करताना. दहा गोळ्यांवर तो अर्ध्या कड्याच्या आसपास येतो. मी एका दिवसाच्या दहांवरही विश्वास ठेवत नाही. मध्य काढा, लिहा, काही फिरवू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा. दोन्ही दिवशी मध्य त्याच बाजूला असेल तर जेवढा फरक आहे तेवढा एकदम फिरवा. तेरा क्लिक लागत असतील तर तेराच, भीत भीत दोन-दोन नकोत.

खाली-डावीकडचा ग्रुप असेल तर मात्र हात आखडता घ्या आणि आधी नकली काडतुसांचा खेळ पुन्हा खेळा.

उन्हाचं काय, असा प्रश्न येतोच. बंद हॉलमधल्या 10 मीटरवर उजेड सकाळ-संध्याकाळ सारखा असतो. 25 मीटरच्या रेंज पुष्कळदा पुढून उघड्या असतात. कडक ऊन टार्गेटवर पडलं की काळा गोल लहान दिसतो, ढग आले की साइटभोवतीचा उजेड बदलतो आणि तेवढ्याने ग्रुप एखाद-दोन क्लिक वर-खाली होतो. म्हणून डायरीत वेळ आणि उजेड लिहा. स्पर्धेत प्रिसिजनच्या सुरुवातीला पाच सरावाच्या गोळ्या मिळतात त्या यासाठीच. तिथे एक-दोन क्लिक बिनधास्त बदला, कारण ते क्लिक कशासाठी आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे.

आणि प्रिसिजननंतरचा टप्पा, रॅपिड. तिथे टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद लपतं, आणि काळा गोल 500 मिलिमीटरचा. त्याच्या खालच्या काठाशी नेम धरून चालत नाही, मध्याच्या आसपास धरावा लागतो. प्रिसिजनचा झिरो तसाच ठेवून मधोमध नेम धरला तर गोळी दहा-बारा सेंटिमीटर वर जाईल. काही जण साइट दहा-बारा क्लिक खाली आणतात, काही जण साइटला हात न लावता मध्याच्या तेवढंच खाली धरतात. मी पहिल्या गटातला. मधोमध धरणं डोळ्याला सोपं जातं. पण दोन्ही आकडे डायरीत लिहिलेले हवेत, आणि प्रिसिजनकडे परत येताना क्लिक परत फिरवायची आठवण हवी. ती विसरून मी एकदा पहिल्या पाचही सरावाच्या गोळ्या पांढऱ्यात घातल्या आहेत, आणि शेजारच्या मुलीने काळजीने विचारलं होतं, “काका, बरं वाटत नाही का?”

डायरीत आजचा आकडा आहे: प्रिसिजन, तळापासून 23 क्लिक, डाव्या टोकापासून 17. रॅपिड, तळापासून 12. गेल्या एप्रिलपासून तो बदललेला नाही.